आजींचा रिमोट

घरात खरी सत्ता कोणाची चालते हे जाणून घ्यायचे असेल, तर शिधापत्रिकेवरील कुटुंबप्रमुखाचे नाव पाहू नये; टीव्हीचा रिमोट कोणाच्या हाती आहे ते पाहावे, असे विनोदाने म्हटले जाते. घरभेटींच्या निमित्ताने धर्मग्रामातील कुटुंबांत वावरताना या विनोदाचा पडताळा आम्हांला पुष्कळदा आला आहे. कुठे तो आजोबांच्या उशाखाली असतो, कुठे सुनेच्या स्वयंपाकघरातील फळीवर, तर परीक्षेच्या दिवसांत आईच्या कपाटात कुलूपबंद. फादर दारात दिसले की कोणीतरी घाईने तो दाबतो, चित्र विझते आणि मग आमची प्रार्थना सुरू होते. या काळ्या कांडीचा आम्ही कधी गंभीरपणे विचार केला नव्हता. एका उपवासकाळात मात्र तिने आम्हांला असा धडा दिला, की तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. ज्या आजींची ही हकीकत आहे त्यांच्या संमतीनेच आम्ही लिहीत आहोत. त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून गाळले आहे.

आमच्या पिढीचे बालपण रिमोटवाचून गेले. भारतात दूरचित्रवाणीचे प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईला ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी पोहोचले. आणि १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, चित्रांत रंग भरले. त्या काळी आळीत एखाद्याच घरी संच असे. एकाने गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यातून ओरडायचे, 'आलं, आलं! नाही, गेलं!' बटणे संचालाच असत आणि ती पिळण्यासाठी घरातील सर्वांत धाकट्या मुलाला उठवले जाई. ते मूल हाच त्या काळचा रिमोट. त्याला ना सेल लागत, ना निशाणा धरावा लागे. फक्त नावाने हाक मारावी लागे.

पुढे वाहिन्या वाढल्या आणि रिमोटही वाढले. केबल प्रक्षेपण डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ज्या अडतीस शहरांचा समावेश होता, त्यांत आमचे नागपूर होते. त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली होती. तेव्हापासून घरोघरी सेट-टॉप बॉक्स आला आणि त्याच्यासोबत दुसरा रिमोट आला. एकाने संच चालू करायचा, दुसऱ्याने बॉक्स. एकाने आवाज, दुसऱ्याने वाहिनी. तरुणांना यात काही वाटले नाही. परंतु ज्यांनी उभ्या आयुष्यात एका खोलीला एक दिवा आणि एका दिव्याला एक बटण एवढाच हिशेब केला, त्यांच्यासाठी हे नवे गणित होते.

आमच्या आजी अशांपैकीच. वय अठ्ठ्याहत्तर. माकडहाड आणि खुबा यांच्या दुखण्यामुळे त्यांना जिना उतरता येत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. त्यांचे यजमान अजनीला रेल्वेत होते. रेल्वेच्या माणसाला साजेल अशी त्यांनी घरातील यंत्रांची व्यवस्था लावली होती. संचाच्या रिमोटवरील चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. बॉक्सच्या रिमोटला पांढरा दोरा. 'आधी लाल, मग पांढरा,' एवढेच आजींनी लक्षात ठेवायचे. दर रविवारी सकाळी ते स्वतः वाहिनी लावून देत आणि दोघे टीव्हीवरील मिस्सेला बसत. आजोबा एका पावसाळ्यात प्रभुघरी गेले. त्यानंतर काही महिने आजींनी लाल-पांढऱ्याच्या आधाराने निभावून नेले.

उपवासकाळातील पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा भिंतीवरील संच पांढऱ्या चादरीने झाकलेला दिसला. आम्हांला कौतुक वाटले. ख्रिस्तप्रसाद दिल्यावर आम्ही म्हणालो, "आजी, उपवासकाळासाठी टीव्ही झाकून ठेवलात वाटतं?"

आजी किंचित हसल्या. "असंच समजा, फादर."

ही त्यांची विनम्रता, असे आम्ही समजलो. पुढे आणखी दोन घरी जायचे होते. घड्याळ पाहून आम्ही निघालो. त्या रविवारी प्रवचनात आम्ही नाव न घेता सांगितले, की आपल्या धर्मग्रामात एक वयोवृद्ध माउली आहे, जिला दिवसभर सोबतीला त्या पेटीवाचून कोणी नाही, आणि तिने प्रभूच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ तीच पेटी चाळीस दिवस झाकून ठेवली आहे. मग आपण धडधाकट माणसे एक मालिका सोडू शकत नाही काय? प्रवचन चांगले झाल्याचे अनेकांनी सांगितले. आम्हांलाही ते चांगले वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

झावळ्यांच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वेदीसेवक, अकरावीत शिकणारा मुलगा, सॅक्रिस्टीत रेंगाळला. तो त्या आजींच्या शेजारचा. "फादर, आजींना झावळी द्यायला गेलो होतो. त्यांचा रिमोट बिघडलाय. जानेवारीपासून टीव्ही बंद आहे. तुम्हांला सांगू नको म्हणाल्या."

"का बरे?"

मुलगा जमिनीकडे पाहू लागला. "फादरांनी प्रवचनात सांगितलं, आता ते खोटं पडेल, म्हणून."

त्या क्षणी आमच्या अंगातील प्रवचनकाराची जी अवस्था झाली ती शब्दांत सांगणे कठीण आहे. भस्म बुधवारच्या शुभवर्तमानात प्रभूने उपवास गुप्तपणे करण्याची शिकवण दिली आहे. आम्ही तर एका स्त्रीचा, तिने केलेलाच नव्हता असा उपवास, सर्वांसमक्ष जाहीर केला. आणि त्या जाहीर केलेल्या उपवासाचा मान राखण्यासाठी तिला तो खरोखर पाळावा लागला. शेजारणींनी प्रवचन तिच्या कानी घातले होते. 'तुम्हीच ना हो त्या?' असे विचारले होते. त्यानंतर कोणत्या तोंडाने ती म्हणणार होती, की माझा रिमोट दुरुस्त करून द्या? आजारी माणसाला रविवारच्या मिस्सेचे बंधन नसते आणि टीव्हीवरील मिस्सा ही प्रत्यक्ष उपस्थितीची जागा घेत नाही, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आहोत. पण ज्या बाईचा त्या पडद्यावाचून प्रार्थनामंदिराशी आठवड्याचा दुसरा दुवा नव्हता, तिचा तो दुवा तुटला असता आम्ही त्या तुटण्याची स्तुती करून आलो होतो.

सोमवारी आम्ही बर्डीवर गेलो. सीताबर्डीच्या बाजारात नवे-जुने रिमोट प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून माळेसारखे टांगलेले असतात. दुकानदाराने संचाची कंपनी विचारली. आम्हांला ती आठवेना. त्याने दयाबुद्धीने एक रिमोट पुढे केला आणि नागपुरी हिंदीत म्हणाला, "ये ले जाओ, फादर. युनिव्हर्सल है, सबमें चलता है."

परतीच्या वाटेवर तो शब्द मनात घोळत राहिला. 'कॅथलिक' या ग्रीक मुळाच्या शब्दाचाही अर्थ सार्वत्रिक, म्हणजे युनिव्हर्सल असाच. आपणही सर्वत्र चालतो, अशी आमची समजूत होती. आणि चार गल्ल्यांपलीकडच्या एका खोलीत आम्ही चाललो नव्हतो.

संध्याकाळी त्या मुलाला सोबत घेऊन आजींच्या घरी गेलो. आधी क्षमा मागितली. आजी गोंधळल्या, "अहो फादर, तुम्ही कशाला..." असे म्हणत चहा ठेवण्यासाठी काठी शोधू लागल्या. चादर काढून संच चालू केला तर काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' एवढीच अक्षरे. पुसताना कोणाचा तरी हात संचाच्या कडेच्या बटणाला लागला असावा आणि चित्र घेण्याची वाट बदलली असावी. ती पूर्ववत करण्याचे बटण संचाच्या रिमोटवर. आणि त्या लाल ठिपक्याच्या रिमोटचे झाकण उघडताच आत पांढरट भुकटी दिसली. सेल पाझरले होते, स्प्रिंगा खाऊन टाकल्या होत्या. तो रिमोट बोलण्याच्या पलीकडे गेला होता. बॉक्सचा, पांढऱ्या दोऱ्याचा रिमोट मात्र शाबूत होता.

नव्या रिमोटसोबत एक घडीचा कागद होता. त्यावर कंपन्यांची नावे आणि प्रत्येकीपुढे चार-पाच आकडे. 'सेट' हे बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचे, आकडा टिपायचा, संचाकडे रोखून चालू-बंद दाबायचे; संचाने ऐकले तर ठीक, नाहीतर पुढचा आकडा. पहिले दोन आकडे वाया गेले. तिसऱ्याने आवाज वाढला, पण बाकी काही होईना. रिमोट बोलतो आहे की नाही, अशीच शंका आली, तेव्हा मुलाने आपल्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्या टोकाकडे धरून बटण दाबले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र जांभळट ठिणगी लुकलुकत होती. आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "म्हणजे उजेड असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच." श्रद्धांगीकारात आपण दृश्याबरोबर अदृश्याच्याही निर्मात्याचे नाव घेतो, ते वाक्य इतक्या साध्या रीतीने स्पष्ट करणे आम्हांला जमले नसते.

मानवी डोळ्याला सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंतचा तांबडा प्रकाश दिसतो. रिमोटचा प्रकाश सुमारे ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा असतो. खोलीत सूर्याचा आणि दिव्यांचाही असा प्रकाश असतोच. त्यातून आपला वेगळा ओळखू यावा म्हणून रिमोट तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवतो. पूर्वी ही युक्ती नव्हती. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी प्रकाशाचा पहिला बिनतारी रिमोट केला, तेव्हा खिडकीतून ऊन आले तरी संच आपोआप चालू-बंद होई. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनीचा आश्रय घेतला. बटण दाबले की आतली बारीक हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघे. त्याला सेलही लागत नसे.

या लुकलुकण्यात एक भाषा असते. पुष्कळ कंपन्या वापरतात त्या एका पद्धतीत आधी एक लांब इशारा जातो, 'लक्ष द्या' असा. मग यंत्राचे नाव, मग आज्ञा. विशेष असे की नाव आणि आज्ञा दोन्ही दोनदा सांगितली जातात: एकदा सरळ आणि एकदा नेमकी उलट करून, जिथे एक तिथे शून्य. दोन्हींचा मेळ बसला तरच यंत्र ती आज्ञा मानते. हे सारे सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात आटोपते. नाव दुसऱ्याचे असेल तर यंत्र हलत नाही. बालक शमुवेलला रात्री हाक आली तेव्हा तो तीनदा भलत्याकडेच धावला होता. निदान एवढी चूक हे यंत्र करीत नाही. आणि होय ते होय, नाही ते नाही असावे, ही प्रभूची शिकवण या बारक्या दिव्याने किती काटेकोरपणे पाळली आहे! आजींचे 'असंच समजा' आम्ही एकदाच, सरळ ऐकले होते. ते उलटे करून पडताळण्याची तसदी घेतली असती, 'म्हणजे खरेच बंद ठेवलात, की बंद पडला?' एवढे विचारले असते, तर जे झाले ते टळले असते.

कागदावरील आकडे संपत आले. शेवटी मुलाने दुसरा मार्ग काढला: बटण दाबून धरले की रिमोट आपणच एकामागून एक आकडे आजमावतो आणि संचाने प्रतिसाद देताच बोट उचलायचे. आम्ही तिघे श्वास रोखून बसलो. कितीतरी वेळाने पडदा विझला. "सोडा, सोडा!" आजी ओरडल्या. नवा रिमोट संचाची भाषा शिकला होता.

पण अडचण संपली नव्हती. नव्या रिमोटवर पन्नासेक बटणे. संचासाठी एक कळ दाबून मग दुसरी, बॉक्ससाठी तिसरी. आजींनी दोनदा प्रयत्न केला आणि तो हळूच टीपॉयवर ठेवला. "राहू द्या न फादर, जमेल मला नंतर." या वेळी आम्ही ते वाक्य उलटे करून वाचले. जमणार नव्हते.

मग आमचे लक्ष पांढऱ्या दोऱ्याच्या रिमोटकडे गेले. त्याच्या एका कोपऱ्यात चौकटीत वेगळी चार बटणे होती आणि वर 'टीव्ही' असे लिहिले होते. अशी बटणे आपल्याकडील पुष्कळ सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर असतात आणि पुष्कळ घरांत ती कोरीच राहतात. ती शिकण्यासाठी असतात. दुसऱ्या रिमोटकडून शिकणारा रिमोट ही कल्पना जुनी आहे. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी तिथून बाहेर पडल्यावर १९८७ साली असाच एक रिमोट बाजारात आणला होता. खरे तर या बटणांना शिकवायचे संचाच्या मूळ रिमोटने. तो तर मूक झाला होता. पण त्याची भाषा आता आमच्या युनिव्हर्सलला येत होती! टेबलावर दोघांची तोंडे समोरासमोर, दोन बोटांच्या अंतरावर ठेवली. जुन्याला शिकण्याच्या स्थितीत आणले, त्याचे एक कोरे बटण दाबले, मग नव्याचे चालू-बंद दाबले. जुन्याचा दिवा लुकलुकला, शिकला. तसेच आवाज वाढवणे, आवाज कमी करणे आणि चित्राची वाट बदलणे. चार बटणे, चार धडे. मुलाने घरून बहिणीची नेलपॉलिश आणली आणि चालू-बंदच्या बटणावर लाल ठिपका दिला. आता एकाच कांडीवर लाल आणि पांढरा. दोरा आजोबांनीच बांधलेला.

नवा रिमोट खणात गेला. त्याचे काम संपले होते. दुकानदाराचे 'सबमें चलता है' शब्दशः खरे नव्हते. तो आपोआप कुठेच चालला नाही. तो युनिव्हर्सल होता तो एवढ्याच अर्थाने, की अनोळखी यंत्राची भाषा शिकेपर्यंत तो एकेक आकडा आजमावत राहिला आणि शिकलेले दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला झाला. आपल्या भाषेत हे काम फार पूर्वी एका धर्मगुरूने केले आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स इथल्या माणसांची बोली शिकले, ओवी शिकले आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी, एकाच दिवशी, दोन दस्तऐवज जाहीर केले: एकाने उपासनेत लोकभाषांना दार उघडले, दुसरा वृत्तपत्र, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या साधनांविषयी होता. सेमिनरीत आम्ही ते वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या परीक्षांसाठी अभ्यासले. ते एकाच दिवशी का जन्मले असावेत, याचा अर्थ आम्हांला आजींच्या टीपॉयवर, समोरासमोर ठेवलेल्या दोन रिमोटांकडे पाहताना लागला. साधन कितीही दूर पोहोचो. ज्याच्याकडे पोहोचायचे त्याची भाषा आधी यायला हवी. आजींची भाषा 'सगळं ठीक आहे, फादर' ही होती, आणि सात महिने दर पहिल्या शुक्रवारी ती ऐकूनही आम्ही शिकलो नव्हतो.

पोप बारावे पायस यांनी १९५८ साली संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केले. आजारपणामुळे नाताळच्या रात्री ती अंथरुणावरून उठू शकली नाही, तेव्हा दूरच्या प्रार्थनामंदिरातील उपासना तिला आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा आहे. पवित्र गुरुवारपासून आमच्या आजींनाही ती दिसू लागली. ईस्टरचे जागरण त्यांनी रोमबरोबर केले. आणि ईस्टरच्या रविवारी आम्ही व्यासपीठावरून सांगितले, की उपवासकाळात आम्ही एका माउलीविषयी जे बोललो ते न विचारता बोललो, आणि ते खरे नव्हते. प्रवचन चांगले झाल्याचे या वेळी कोणी म्हणाले नाही. मात्र मिस्सेनंतर तिघा जणांनी आपापल्या घरच्या वृद्धांविषयी थांबून सांगितले: कोणाला फोन लावता येत नव्हता, कोणाला ऐकू येत नव्हते, कोणी फक्त वाट पाहत होते.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा आजींचा संच चालू होता. कोठल्याशा वाहिनीवर जपमाळ चालली होती. आम्ही म्हणालो, "चालू द्या, आजी. जपमाळ संपू द्या, मग ख्रिस्तप्रसाद देऊ." त्या दिवशी आम्ही पुढच्या घरांना तासाभराने येऊ असे कळवून आलो होतो.

आजींनी दोऱ्याचा रिमोट उचलला, बोटाने चाचपत लाल ठिपका शोधला आणि दाबला. पडदा विझला.

"तुम्ही आलात ना," त्या म्हणाल्या, "आता ते कशाला?"